तिच्याविना संघ कसा खेळला

तुमच्या घरातली कुठली बाई एके काळी कुठल्या संघात होती, हे तुम्हाला माहीत आहे का? आई, मावशी, सासू, वहिनी, कुणीही. अंदाज नको. माहीत आहे का, एवढंच विचारते आहे. आणि माहीत असेल तर पुढचा प्रश्न: तिचा खेळ सुटल्यावर तो संघ कसा खेळला, हे तुम्ही तिला कधी विचारलंत?

मी विचारलं नव्हतं. मी उत्तर स्वतःच लिहिलं, छापलं आणि वाटलं.

मी पत्रकांच्या घरात वाढले. बाबा पिंपरीच्या एका कारखान्यात कामाला होते आणि युनियनचे कार्यकर्ते होते. आमच्या घरात कपाटांपेक्षा पत्रकांचे गठ्ठे जास्त. मी अक्षरं ओळखायला त्यांच्यावर शिकले, गणितं त्यांच्या पाठकोऱ्या बाजूवर सोडवली, आणि गेटसभेच्या आदल्या संध्याकाळी आईबरोबर बसून शेकडो घड्या घातल्या. बाबांचे पत्रकाचे नियम ठरलेले. सुरुवात प्रश्नाने करायची, म्हणजे घाईत आत जाणारा माणूस पाऊलभर थांबतो. मध्ये एकच अन्याय मांडायचा आणि एकच दोषी दाखवायचा. आणि शेवटी वाचणाऱ्याने काय करायचं ते स्पष्ट सांगायचं. "नाहीतर त्या कागदात भेळ बांधतात," ते म्हणायचे.

हे नियम घेऊन मी कंपनीच्या कामावर अमेरिकेत, टेक्सासमधल्या अर्विंगला आले. ही गोष्ट त्यानंतर तीन वर्षांनी, २००६ सालच्या मार्च-एप्रिलमधली.

आमच्या अपार्टमेंटच्या मागे एक पार्क होतं आणि तिथे दर रविवारी सकाळी तिथली मराठी मुलं क्रिकेट खेळायची. टेनिस बॉलला टेप लावलेली, स्टंप प्लास्टिकचे. मॅच दोन तासांत संपायची. खरा खेळ सुरू व्हायचा त्यानंतर, पार्किंगमध्ये, उघड्या डिकीवर थर्मास ठेवून. त्याला मी 'जर-तर' म्हणायचे. कुणाचा तरी खेळ कुठे तरी सुटलेला असायचा, आणि तो सुटला नसता तर त्याचा संघ कुठवर गेला असता, याचा हिशोब सगळे मिळून मांडायचे.

नागपूरचा एक जण सोळा वर्षांखालच्या कॅम्पला निवडला गेला होता. मग दहावी आली आणि वडिलांनी किट माळ्यावर टाकलं.

"तू थांबला असतास ना यार, तर त्या वर्षी तुमची टीम सेमीला गेली असती."

"सेमी? फायनल, भाऊ. लेफ्ट आर्म होतो मी."

"आणि आता लेफ्ट आर्मने काय करतोस?"

"कोक धरतो. उजव्यात माउस असतो."

पोट धरून हसायचे सगळे, पण त्या नागपूरकराचं हसू इतरांच्या आधी संपायचं. मी ते पाहिलं आहे. माझ्या ऑफिसच्या दारात एक पन्नाशीचा टेक्सन सुरक्षारक्षक बसायचा. शाळेच्या फुटबॉल संघात असताना त्याचा गुडघा गेला होता. तोही मला आठवड्यातून एकदा तेच सांगायचा: मी मैदानात असतो तर त्या वर्षी आमची शाळा हरली नसती. या सगळ्या गोष्टींत एक गोष्ट कायम होती. ज्याचा खेळ सुटला, त्याचा संघ त्यानंतर हरलाच. मला त्यात काही खटकलं नाही. ऐकून ऐकून तो मला नियमच वाटायला लागला होता.

आमच्या वरच्या मजल्यावर एक जोडपं राहायचं. मी त्यांना दादा-वहिनी म्हणायचे. दादा त्या क्रिकेट टीमचे सलामीचे फलंदाज. वहिनी डिपेंडंट व्हिसावर, म्हणजे नोकरी करायची परवानगी नाही. त्या सांगली-मिरजेकडच्या, कमी बोलणाऱ्या. मी एकटी राहते म्हणून गुरुवारी मला हमखास भाकरी आणि पिठलं पाठवायच्या. तीन वर्षं मी त्यांचं पिठलं खाल्लं आणि त्यांना 'मीठ बरोबर आहे का'पलीकडे काही बोलू दिलं नाही. बोलायचं काम माझ्याकडे होतं.

एका रविवारी पार्कात कुणाचा तरी भला मोठा कुत्रा पट्टा सोडवून सुसाट निघाला आणि थेट वहिनींच्या अंगावर आला. वहिनींच्या हातात कपांचा ट्रे होता. त्या पळाल्या नाहीत, ओरडल्या नाहीत. डावीकडे एक पाऊल टाकलं, कुत्रा तिकडे वळला, आणि त्याच क्षणी त्या उजवीकडे सरकल्या. कुत्रा गवतावर घसरत पुढे गेला. ट्रेमधला एकही कप पडला नाही.

"अरे, ही खो-खो खेळायची," दादा हसत म्हणाले. "डिस्ट्रिक्टला होती."

"काय सांगता वहिनी! मग आम्हाला फिल्डिंगला घ्या की तुम्हाला."

आणि गप्पा परत त्या डावखुऱ्या बॉलरवर गेल्या. मी वाट पाहत होते. कुणीतरी म्हणेल, 'वहिनी, तुम्ही खेळत राहिला असतात तर?' कुणी म्हणालं नाही. त्यांच्यासाठी जर-तर खेळायचंही कुणाला सुचलं नाही. माझ्या डोक्यात सणक गेली.

दोन दिवसांनी कॉम्प्लेक्सच्या लाँड्री रूममध्ये मी त्यांना गाठलं.

"वहिनी, तुम्ही कुठपर्यंत खेळलात?"

"राज्य स्पर्धेसाठी निवड झाली होती. जिल्ह्याच्या बारा जणींत." त्यांनी उशीचा अभ्रा झटकला. "त्याच आठवड्यात लग्न निघालं. मग राहिलं."

"राहिलं म्हणजे?"

"राहिलं म्हणजे राहिलं गं. तुझा ड्रायर थांबलाय बघ."

एवढंच. उरलेलं मी भरलं. दादांच्या लग्नाची गोष्ट आम्हा सगळ्यांना पाठ होती, कारण ते स्वतःच ती रंगवून सांगायचे: अमेरिकेतून तीन आठवड्यांची सुट्टी, पहिल्या आठवड्यात मुली बघणं, दुसऱ्यात साखरपुडा, तिसऱ्यात लग्न, आणि परतीच्या विमानात झोप. आमच्या कॉम्प्लेक्समधली निम्मी लग्नं अशीच झालेली. मला अन्याय मिळाला होता, दोषी मिळाला होता. आता मागणी हवी होती.

महाराष्ट्र मंडळाची वसंतातली सहल जवळ आली होती. दरवर्षी तीच कार्यक्रमपत्रिका: पुरुषांचा क्रिकेटचा अंतिम सामना, बायकांसाठी लिंबू-चमचा आणि संगीत खुर्ची. मी समितीच्या बैठकीला गेले आणि बायकांच्या खो-खोचा सामना मागितला. अध्यक्ष काका म्हणजे फार पूर्वी इकडे आलेले, आता निवृत्त झालेले डॉक्टर; बैठक त्यांच्याच घरी होती.

"अगं, कुणाचा पाय मुरगळला म्हणजे? संगीत खुर्ची आहे की."

"काका, संगीत खुर्चीतही पळायचंच असतं. फक्त गोल गोल."

काकू चहा घेऊन आल्या होत्या. "अहो, होऊ द्या की. का जन्मभर बायकांच्या तोंडात चमचाच देणार आहात?"

काका हसले आणि अट घातली. दोन संघ, नऊ-नऊ जणी. सहलीच्या एक आठवडा आधी अठरा नावं आली तर सामना, नाहीतर लिंबू-चमचा.

वहिनींना मी शिकवायची गळ घातली. त्या आधी नाही म्हणाल्या. मग म्हणाल्या, "खांब कशाचे करणार?" तेव्हाच मला कळलं की त्या येणार.

पहिल्या शनिवारी सात जणी आल्या. रंगाच्या रिकाम्या बादल्यांत वाळू भरून त्यात दोन पाइप उभे केले. चुन्याऐवजी कणकेने रेषा मारल्या, आणि ही चूक फक्त आम्हीच करू शकत होतो. टेक्सासच्या लाल मुंग्यांना ती मेजवानीच. दहा मिनिटांत चौकोनात बसलेल्या सगळ्या जणी किंचाळत उठल्या आणि पायजमे झटकत पार्कभर नाचल्या. "मुंग्या पकडायच्या नाहीत, माणसं पकडायची आहेत," वहिनी म्हणाल्या. तो त्यांचा पहिला विनोद, निदान मी ऐकलेला.

ही बाई मैदानावर वेगळीच होती. दादांचे जुने बूट, पुढे मोजे कोंबलेले. आवाज असा की टेनिस कोर्टवरचे लोक वळून बघायचे. "म्हशी बसल्यात का तळ्यात? टाचा उचला!" पळताना कसं बघायचं ते त्यांनी शिकवलं. मागे लागलेलीचा चेहरा बघायचा नाही, चेहरा फसवतो. खांदा बघायचा. तो आधी वळतो. आणि चौकोनात बसलेलीने पाठीवर हात पडून 'खो' ऐकू येईपर्यंत उठायचं नाही. मला हे जमायचं नाही. पळणारी समोरून गेली की मी उठलेलीच असायचे.

"फाउल! खो मिळालाय का तुला? एवढ्या घाईने कुठे निघालीस, मोर्चाला?"

सगळ्या हसायच्या. मीही हसायचे. पुढच्या वेळी परत उठायचे.

दुसऱ्या शनिवारी अकरा जणी झाल्या आणि आकडा तिथेच अडला. कुणाचं बाळ लहान, कुणाची सासू आलेली, कुणी म्हणे शाळेनंतर पळालेच नाही गं, आता कुठे? मुदतीला नऊ दिवस उरले होते. मी वहिनींचा चेहरा पाहत होते. सराव संपला की त्या कुणी बघत नाही असं पाहून एकट्याच दोन्ही खांबांमधून नागमोडी पळायच्या, हळू, जणू वाट आठवते का हे तपासत. हा सामना झाला नाही तर त्या परत कधी खांबाला हात लावणार नाहीत, याची मला खात्री होती. मग मी बाबांची मुलगी झाले. पत्रक काढलं.

"भगिनींनो, तुम्ही पळणं कधी थांबवलंत?" अशी सुरुवात. मग: "आपल्यातल्याच एका खेळाडूची राज्य स्पर्धेसाठी निवड झाली होती. अमेरिकेहून तीन आठवड्यांच्या सुट्टीवर आलेल्या मुलाच्या सोयीने लग्नाची तारीख ठरली. तिचा संघ तिच्याविना मैदानात उतरला आणि हरला. एका माणसाच्या सुट्टीत एका जिल्ह्याचं पदक बुडालं. आता तरी उठा. नाव नोंदवा."

नाव लिहिलं नव्हतं. त्याची गरजही नव्हती. पन्नास प्रती काढल्या, लाँड्री रूममध्ये ठेवल्या आणि आमच्या भारतीय किराणा दुकानात फुकट पेपरांच्या शेजारी. चार दिवसांत नावं एकोणीस झाली. मला माझाच अभिमान वाटला. पत्रक असं असतं, मी मनात म्हणाले.

पाचव्या दिवशी संध्याकाळी वहिनी माझ्या दारात उभ्या होत्या. हातात दुकानातली पिशवी. मेथीच्या जुडीला लागून माझं पत्रक, एका कोपऱ्यात ओलं झालेलं.

"हे तू लिहिलंस?"

"हो." मला खरंच वाटलं की त्या शाबासकी द्यायला आल्या आहेत.

"आम्ही हरलो हे तुला कुणी सांगितलं?"

मी पत्रक घ्यायला हात पुढे केला. त्यांनी ते दिलं नाही.

"सांग ना. कुणी सांगितलं?"

"कुणी नाही. मला वाटलं की..."

"जिंकलो गं आम्ही. पहिला नंबर. त्याआधी जिल्ह्याला कधी मिळाला नव्हता." त्यांचा आवाज चढला नव्हता. त्याचीच मला जास्त भीती वाटली. "लग्नानंतर पहिल्यांदा माहेरी गेले तेव्हा आमच्या खेळाच्या बाईंनी पेपरचं कात्रण दाखवलं. माझ्या जागी राखीवमधली पोरगी उतरली होती. फायनलला अडीच मिनिटं पळाली. नाबाद. तिला वळायला कुणी शिकवलं होतं? मी. रोज पहाटे मैदानावर. आणि तू माझ्या पोरींना एका ओळीत हरवून टाकलंस."

"वहिनी, चूक झाली. पण मुद्दा तर..."

"खो मिळायच्या आधीच उठलीस तू. नेहमीसारखी."

त्या जायला वळल्या आणि परत थांबल्या. "आणि स्पर्धा होती हे ह्यांना मी कधी सांगितलंच नव्हतं. ना तेव्हा, ना नंतर. आज दुकानात वाचलं त्यांनी. डाळीच्या पोत्यांसमोर उभं राहून. शेजारी दोन मित्र होते, ते म्हणाले, 'काय रे, पदकबुडव्या!' आणि हसले. हे हसले नाहीत. गाडीत मला म्हणाले, 'नऊ वर्षं झाली. मी माझी सुट्टी विनोद म्हणून सांगतो आणि तू शेजारी बसून ऐकतेस?'"

"पण तुम्ही सांगितलं का नाहीत?"

"सांगितलं असतं आणि ते नाही म्हणाले असते, तर त्या माणसाशी लग्न कसं केलं असतं? आणि हो म्हणाले असते तर? मग कार्यालय, पाहुणे, बाबांची धावपळ, सगळं मलाच पुढे ढकलायला लावावं लागलं असतं. एकवीस वर्षांची होते. गप्प बसणं सोपं होतं. ते माझं गप्प बसणं होतं. तू ते छापलंस." पत्रक त्यांनी माझ्या हातात दिलं. "शनिवारी मी येणार नाही. सामन्यालाही नाही."

त्यांच्याशिवायचा शनिवार वाईट गेला. दोघींनी रेषेवरून वाद घातला, एक रडली, आणि तीन नावं कमी झाली. मी रविवारी सकाळी बाबांना फोन लावला. वाटलं होतं, ते म्हणतील, लढ्यात असं होतं.

बाबा म्हणाले, "तिला वाचून दाखवलं होतंस?"

"तुम्ही प्रत्येक कामगाराला विचारायचात का?"

"ज्याचं उदाहरण घ्यायचो त्याच्या घरी जायचो. त्याच्या बायकोसमोर बसून वाचायचो. ते म्हणाले काढा, की काढायचं. तीनदा तर अख्खं पत्रक फाडलंय." मग म्हणाले, "तू लहान होतीस. तुला फक्त घड्या दिसल्या."

"आता मागे घेता येईल?"

"वाटलेला कागद मागे येत नाही. दुरुस्ती काढ. तेवढ्याच मोठ्या अक्षरात. आणि या वेळी आधी दाखव."

मी एक पानभर दुरुस्ती लिहिली. त्यात माफी होती, माझ्या घाईवर टीका होती, स्त्रियांच्या मौनावर एक परिच्छेद होता. ती घेऊन वर गेले. दार दादांनी उघडलं.

"या, संपादक," ते म्हणाले. बाजूला झाले, पण हसले नाहीत.

वहिनींनी पान वाचलं, फ्रीजवरची पेन्सिल घेतली आणि खोडायला सुरुवात केली. "माफी नको. परत सगळे विचारत बसतील, कुणाची. हे मौनबिन नको. हे तर नकोच." शेवटी दोन वाक्यं उरली: मागच्या पत्रकात चूक होती. त्या वर्षी संघ जिंकला.

"अडीच मिनिटं पळाली तेही लिहा," सोफ्यावरून दादा म्हणाले. टीव्हीकडेच बघत होते. "नाबाद होती. नुसतं जिंकला म्हटलं तर कुणी मानणार नाही."

म्हणजे या चार दिवसांत त्यांना सगळी मॅच सांगून झाली होती.

"ते लिहायचं नाही," वहिनी म्हणाल्या. "तिला आपण विचारलेलं नाही." मग त्यांनी खाली स्वतःच्या अक्षरात एक ओळ घातली: बूट घालून या, मैदानात मुंग्या आहेत.

"म्हणजे तुम्ही येणार?"

"दुरुस्ती छाप आधी."

छापली. आधीच्यापेक्षा मोठ्या अक्षरात. दुकानातली उरलेली पत्रकं उचलली आणि त्या जागी ही ठेवली. बऱ्याच जणींना कळलंच नाही की असं दोन ओळींचं पत्रक कशासाठी. एकीने मला विचारलं, "संघ जिंकला यात चूक काय?" मी म्हणाले, तेच तर.

मुदतीच्या दिवशी यादीत सोळाच नावं राहिली होती. ती घेऊन मी काकांकडे गेले तेव्हा दार काकूंनी उघडलं. त्यांनी यादीवरून बोट फिरवलं, आत वळून म्हणाल्या, "आली हो पुरेशी नावं," आणि काकांनी मोजलं नाही.

सहलीच्या दिवशी त्या सोळा जणी आल्या. आठ-आठ खेळायचं ठरलं, म्हणजे बसायला आठांऐवजी सातच. मी म्हणाले, एक चौकोन पुसून टाकू, अंतर सारखं करून घेऊ. वहिनींनी ऐकलं नाही. "आखलेलं राहू दे. मधला रिकामा ठेवा. जिला तिथून पुढे जायचंय तिने तेवढं जास्त पळायचं." तसं खेळलो. साखळी दर वेळी त्या जागेशी येऊन लंगडायची, आणि दर वेळी कुणीतरी धापा टाकत पुढच्या पाठीपर्यंत पोचायची.

वहिनी पहिल्या तुकडीत पळायला उतरल्या. रेषेवर दादा हातात स्टॉपवॉच घेऊन उभे होते. क्रिकेटचा अंतिम सामना सुरू होता आणि टीमचा सलामीचा फलंदाज इकडे होता. तिकडून हाका येत होत्या, ते वळत नव्हते.

मला वाटलं होतं, वहिनी डावाची सातही मिनिटं पळतील. इतकी तयारी माझ्या मनाने केली होती. सुरुवातीला तसं वाटलंही. एक हुलकावणी, दुसरी, खांबाला गिरकी, आणि काठावरच्या बायकांचा ओरडा. मग काकांची नात समोर आली. इथेच जन्मलेली, हायस्कूलच्या धावण्याच्या टीममधली, 'खो' असं म्हणायची जसं काही कुणाला नावाने हाक मारते आहे. तिने सूर मारला आणि वहिनींचा घोटा धरला.

"सॉरी मावशी! सॉरी!"

"सॉरी काय? पकडलंस ना? उठ, पुढची पकड!"

दादांनी बटण दाबलं. "एक मिनिट दहा," ते मोठ्याने म्हणाले. मग जरा हळू, फक्त त्यांच्याकडे बघत, "एक मिनिट दहा."

आमची बाजू हरली. मी दोनदा खो मिळायच्या आधी उठले.

नंतर पार्किंगमध्ये डिकी उघडल्या, थर्मास निघाले, आणि नागपूरच्या त्या डावखुऱ्याने कप हातात घेऊन सुरुवात केली. "वहिनी, आता तुमचं सांगा. जर तुम्ही त्या स्पर्धेला गेला असतात, तर?"

मी इतके दिवस ज्या प्रश्नाची वाट पाहिली तो हा होता. सगळे जवळ सरकले. दादाही.

"तर त्या पोरीची जागा गेली असती," वहिनी म्हणाल्या. "तिची ती फायनलची धाव बघूनच तिला पुढे राज्याच्या संघात घेतलं. आता शाळेत खेळ शिकवते. मी गेले असते तर ती बाराव्या जागेवर बसून आम्हाला पाणी देत राहिली असती."

"आणि टीम?"

"टीम? कदाचित माझ्यासकट हरलीही असती. एक मिनिट दहाला आउट होऊन."

हशा पिकला. डावखुरा मात्र कप फिरवत बसला. आपल्या जागी त्या वर्षी कोण खेळलं, हे त्याने कधी शोधलं नव्हतं, असं त्याने मला नंतर सांगितलं.

इथे थांबले असते तर गोष्ट गोड झाली असती. पण परत येताना मी वहिनींना विचारलंच: मग तुम्हाला वाईट वाटत नाही? संघ जिंकला, ती पोरगी पुढे गेली, म्हणजे सगळं बरोबरच झालं?

"बरोबर कुठे झालं? मी तिथे नव्हते." त्या खिडकीबाहेर बघत होत्या. "जिंकल्या याचा आनंद आहे. माझ्याशिवाय जिंकल्या हे लागतं. गेले नाही याचं वाईट वाटतं, आणि ह्यांच्यावर राग नाही. हे सगळं आहे. तुझ्या पत्रकात एकाच गोष्टीला जागा असते."

दादा गाडी चालवत होते. त्या दिवसानंतर तीन आठवड्यांच्या सुट्टीचा विनोद मी त्यांच्या तोंडून ऐकला नाही.

माझा राग अजून आहे. मुलाच्या सुट्टीवर मुलीची तारीख ठरते, आणि तिचं त्या आठवड्यात दुसरं काही होतं का, हे विचारायची पद्धतच नाही, ही गोष्ट संघ जिंकल्याने क्षम्य होत नाही. त्याविरुद्ध मी पुन्हा लिहीन. पण आधी वाचून दाखवीन. हे पानही दाखवलं आहे. वहिनींनी तीन ओळी खोडल्या, त्या इथे नाहीत.

आता बाबांच्या नियमाप्रमाणे, तुम्ही काय करायचं ते सांगते. तुमच्या घरातल्या त्या बाईला आज विचारा. तिने खेळ का सोडला, हा प्रश्न नको. त्याचं उत्तर तुम्ही आधीच ठरवून ठेवलेलं असेल, मीही ठेवलं होतं. तिच्यासोबत संघात कोण कोण होतं आणि ती गेल्यावर त्या कशा खेळल्या, ते विचारा. मग तिच्याजवळ बसा, आणि तिचं सांगून पुरतं होईपर्यंत उठू नका.